हे घरात कधी आलं?

जुन्या फर्निचरच्या दुकानात मागच्या भिंतीला लागून एक दिवाण होता, आणि त्या दिवाणावर दुकानाचा मालक उताणा पडला होता. लोखंडी कपाट सरकवताना त्याची कंबर धरली होती. डॉक्टरांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलं होतं. घरी पडून राहा, असंच डॉक्टरांच्या मनात असणार. पण तसं त्यांनी स्पष्ट म्हटलं नव्हतं, आणि मालकाने त्याचा फायदा घेतला. विक्रीला ठेवलेल्या दिवाणावर त्याने चादर घातली, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून पुढे एक कपाट आडवं लावलं आणि काउंटरच्या टेबलाशी मुलीला बसवलं.

मुलगी विद्यापीठात इतिहास शिकत होती. पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. तिला घरात बबडी म्हणत. एवढी मोठी झाल्यावर हे नाव बदलावं असा अर्ज तिने घरात बऱ्याचदा केला होता, पण तो कुणी मनावर घेतला नव्हता.

इतिहास शिकून पुढे काय, हा प्रश्न त्या घरात वर्षभर घोळत होता. तो मुख्यतः आत्या विचारायची. आत्या बँकेतून निवृत्त झाली होती आणि दुसऱ्यांच्या मुलांना मार्गी लावायला तिला आता भरपूर वेळ होता.

"इतिहास शिकलेली माणसं करतात तरी काय?" आत्याने परवाच्या रविवारी पुन्हा विचारलं.

"शिकवतात. वर्तमानपत्रात लिहितात. पुस्तकांचं संपादन करतात. सरकारी परीक्षा देतात," बबडी म्हणाली. "संग्रहालयातही काम करतात."

"संग्रहालय म्हणजे आपलंच दुकान की," बाबा म्हणाले. "जुनं सामान मांडून ठेवायचं. फक्त तिथे विकत काही नाहीत."

"म्हणजे न चालणारं दुकान," आत्याने निकाल दिला. "त्यापेक्षा अकाउंटन्सीला घाल हिला. ओळखीच्या कॉलेजात मी जागा धरून ठेवलीय. पुढच्या सोमवारपर्यंत."

बाबांनी मधला मार्ग काढला. "हा आठवडा दुकान सांभाळून दाखव, बबडे. चार वस्तू विकून दाखवल्यास तर तुझा इतिहास चालू. नाहीतर सोमवारी आत्याबरोबर जायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"कबूल," बबडी म्हणाली. तिला हे अगदीच सोपं वाटलं.

आता इथे बबडीच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्या प्राध्यापिका वर्गात एखादी जुनी वस्तू किंवा जुना कागद आणत आणि आधी एकच विचारत: हे आलं कुठून? कुणाकडे होतं? त्याच्याआधी कुणाकडे? याची उत्तरं मिळेपर्यंत त्या पुढे सरकत नसत. वर्षभरात बबडीलाही हे इतकं अंगवळणी पडलं की घरात भाजी आली तरी ती कुठून आली हे विचारल्याशिवाय तिला घास जात नसे.

जुन्या फर्निचरच्या धंद्यात नेमका उलटा नियम असतो. वाळवी आहे का बघायचं, पाय डुगडुगतो का बघायचं, आणि वस्तूच्या घरात काय घडलं ते चुकूनही विचारायचं नाही. हे बबडीला सांगायचं बाबांच्या डोक्यातच आलं नाही. श्वास घे, असं कुणी कुणाला सांगतं का?

पहिल्याच सकाळी एक बाई टेम्पोतून आरशाचं टेबल घेऊन आल्या. बबडीने टेबलावरून हात फिरवला. पाय डुगडुगत नव्हते.

"छान आहे. हे घरात कधी आलं?" तिने विचारलं.

"माझ्या लग्नात. आईने दिलं," बाई म्हणाल्या.

"आणि आईकडे कुठून आलं?"

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या. आईने ते कसं हट्टाने करून घेतलं, आरसा आणताना वडील कसे घाबरत घाबरत चालत होते, सगळं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता डोळे पुसले. मग उठल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "चढवा परत."

"अहो ताई, आत्ताच उतरवलं!" टेम्पोवाला म्हणाला.

"ताई, शंभर वाढवून देतो!" कपाटाच्या मागून आवाज आला.

बाई दचकल्या. "कोण बोललं?"

"बाबा आहेत. कंबर धरलीय," बबडी म्हणाली.

"काळजी घ्या हो," बाई कपाटाला म्हणाल्या आणि टेबल घेऊन निघून गेल्या.

दुपारी एक गृहस्थ जेवणाचं टेबल घेऊन आले. त्यांनी सगळी हकीकत सांगूनही टेबल विकलं, त्यामुळे बाबांना जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं येईपर्यंत टिकलं. जोडप्याला टेबल फार आवडलं. नवरा खिशात हात घालणार, इतक्यात बायकोने सहज विचारलं, "कुणाचं होतं हो हे?"

"दोन भावांचं," बबडी म्हणाली. "खिडकीकडे तोंड करून टोकाला कोण बसणार यावरून त्यांचं भांडण झालं. तेव्हापासून ते एकमेकांकडे जेवले नाहीत. अर्थात ही एकाच भावाची बाजू आहे. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही."

जोडपं हसलं. मग बायको म्हणाली, "आपल्याकडे टोकाला मी बसणार हं."

"तू? स्वयंपाकघरातून ये-जा तुलाच करायची ना? तू मधे बस."

"मलाच का करायची?"

यानंतरचं बोलणं ती दोघं रस्त्यावर जाऊन बोलली. टेबल जागच्या जागी राहिलं.

"बबडे," कपाटामागून आवाज आला, "टेबल सागवानी आहे, एवढं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"पण बाबा, त्यांनी विचारलं कुणाचं, कशाचं नाही."

तिसऱ्या दिवशी दुसरा भाऊ आपली बाजू मांडायला आला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. बबडीने त्याला खुर्ची दिली आणि मन लावून ऐकलं. मन लावून ऐकणारं माणूस गावात सहसा मिळत नाही, त्यामुळे ही बातमी लवकर पसरली. निवृत्त मास्तर आले. त्यांनी महिन्यापूर्वी आपली आरामखुर्ची इथेच विकली होती. ते तिच्यावर बसले आणि मग रोज सकाळी येऊन बसू लागले. शेजारची शिंपीणबाई आली. आरशाच्या टेबलवाल्या बाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या, कारण आरशाची हकीकत बहिणीला वेगळी आठवत होती. दुकानातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या असायच्या, पण गिऱ्हाइकांनी नव्हे. एक आजोबा तर जागा नाही म्हणून बाबांच्या दिवाणावर पायथ्याशी येऊन बसले.

"तुम्हाला काय विकायचंय?" बाबांनी पडल्या पडल्या विचारलं.

"विकायचं काही नाही. माझा नंबर यायचाय," आजोबा म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी मुलीला जवळ बोलावलं. "हे बघ. उद्या शनिवार. कॉफीचं नवं दुकान काढणारा एकजण येतोय. त्याला जुन्या खुर्च्या हव्यात, असतील तेवढ्या. हा सौदा झाला तर तू जिंकलीस. म्हणून सांगतो, उद्या तू तोंड उघडायचं नाही. कुठून आलं, कधी आलं, काही नाही."

"आणि त्याने विचारलं तर?"

"तर मी बोलेन. तू नुसती बस."

बबडीला आत्याबरोबर जायचं नव्हतं. तिने मान डोलावली.

कॉफीवाला आला. तरुण होता, घाईत होता. त्याने दुकानभर एक फेरी मारली आणि म्हणाला, "या सगळ्या खुर्च्या द्या. आणि हे काउंटरचं टेबलही. माझ्या गल्ल्याला अगदी बरोबर आहे."

बाबा इतके खूश झाले की कंबर धरून स्वतः उठून पुढे आले. बबडी ओठ मिटून बसली होती.

"याच्यावर ओरखडे आहेत, तेवढे कमी करा," कॉफीवाला टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"ओरखडे?" बाबा म्हणाले. "अहो, घोडा आहे तो. हिने काढलाय खिळ्याने, चार वर्षांची असताना. मी बिलं करत बसायचो आणि ही इथे खाली."

"कुत्रा आहे, बाबा," बबडीच्या तोंडून निघून गेलं. दिवसभरात ती तेवढंच बोलली.

"कुत्रा?" बाबा वाकले. कंबरेचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. "इतकी वर्षं मी घोडा समजत होतो." त्यांनी त्या कुत्र्यावरून अंगठा फिरवला. मग सरळ झाले. "टेबल द्यायचं नाही."

"बरं. खुर्च्या घेतो."

"घ्या की. ही सोडून. ही मास्तरांची, ते उद्या सकाळी येतील तर बसतील कुठे? आणि त्या दोन एकमेकींपासून वेगळ्या करता येणार नाहीत. त्या आरशावाल्या बहिणींच्या बसायच्या आहेत. तुम्ही एक खिडकीत ठेवाल आणि एक दारात."

"मग ती वेताची?"

"ती शिंपीणबाईंच्या सासूची. तिची तर फार मोठी हकीकत आहे. बसा, सांगतो."

कॉफीवाल्याने घड्याळ पाहिलं आणि बबडीकडे पाहिलं. बबडीने ओठ अजूनच घट्ट मिटले. आठवडाभर कपाटामागे पडून बाबांनी काय केलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"ज्याची काहीच गोष्ट नाही असं काही आहे का तुमच्याकडे?" कॉफीवाल्याने शेवटी विचारलं.

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. "हा दिवाण न्या," ते म्हणाले. "याच्यावर कुणीच कधी सुखाने झोपलेलं नाही."

दिवाण गेला. चादर तेवढी राहिली.

सोमवारी सकाळी आत्या पर्स लावून, चांगली साडी नेसून दारात हजर झाली. आत दुकान जसंच्या तसं भरलेलं होतं. मास्तर आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते. बाबा उभ्यानेच एक कपाट पुसत होते आणि बबडी शिंपीणबाईंना विचारत होती, "आणि त्याच्याआधी?"

"काय काय गेलं आठवड्यात?" आत्याने विचारलं.

"एक दिवाण," बाबा म्हणाले.

"एवढंच? मग चल गं बबडे, चप्पल घाल. उशीर नको."

"ती येणार नाही," बाबा म्हणाले. "तिला नोकरी लागली."

"नोकरी? अजून शिकणं व्हायचंय तिचं! कुठे लागली?"

"संग्रहालयात. शिकता शिकता करेल."

आत्याने पर्स काखेतून काढली आणि बसायला म्हणून वेताची खुर्ची पुढे ओढली.

"ताई," बाबा घाईने म्हणाले, "तिला हात नको लावूस."