तेहेतीस अनारशांची फेरमोजणी

निर्मलाबाईंना बोलता आलं असतं, तर त्या दिवशी काहीच घडलं नसतं. पण धोंड्याचा महिना होता, आणि पहाटे उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन, असा त्यांचा महिनाभराचा नेम होता. तारीख एकतीस मे, साल दोन हजार अठरा. त्याच दिवशी जावयाला अधिकाचं वाण द्यायचं होतं, आणि त्याच दिवशी पोटनिवडणुकीची मतमोजणी येऊन बसली.

वाण तेहेतीस अनारशांचं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, कुटायचे, गुळात कालवून पीठ आठवडाभर मुरवायचं, तेव्हा कुठे जाळी पडते. शेवटचा घाणा आदल्या संध्याकाळी निघाला आणि पीठ संपलं. निर्मलाबाईंनी तेहेतीस मोजून पितळेच्या ताटात रचले, वर पांढरं फडकं घातलं आणि ताट देवघरात ठेवलं. एकही जास्तीचा नव्हता. आता काही बिघडलं तर नवं पीठ मुरेपर्यंत जावई विमानात बसलेला असणार, आणि धोंडा पुन्हा तीन वर्षांनी.

डहाणूजवळच्या आगरमधलं ते घर दोन भावांचं. अर्ध्यात निर्मलाबाईंचे यजमान, थोरले रविंद्रभाऊ, अर्ध्यात धाकटे नविनभाऊ. चिकूची वाडी एक, विहीर एक, ओटी एक. चॅनेल मात्र दोन. रविंद्रभाऊंच्या चॅनेलवर त्यांचा पक्ष आठ वाजल्यापासून पुढे होता. मधल्या भिंतीपलीकडे नविनभाऊंच्या चॅनेलवर तोच पक्ष आठ वाजल्यापासून मागे होता. दोघंही आवाज वाढवत होते, आणि भिंतीवरची पाल मधोमध थांबून बिचारी दोन्हीकडचं ऐकत होती.

जावई ऋषभराव तिसऱ्याच पंथाचे. ते अमेरिकेत राहायचे आणि बर्फावरची हॉकी बघायचे. त्यांच्या शहराचा संघ शेवटच्या फेरीत पोचला होता. सात सामन्यांतले चार जिंकेल तो विजेता, असा तिकडचा हिशोब. पहाटेचा सामना त्यांच्या झोपेत होऊन गेला होता. तो मोबाइलवर बघून होईपर्यंत निकाल कानावर पडू नये, म्हणून कानांत इअरफोनची बोंडं घालून ते खोलीचं दार लावून बसले होते. लेकीच्या, कविताच्या नजरेस निकाल चुकून पडला होता, त्यामुळे बिचारीला स्वतःच्या नवऱ्यासमोर जायची बंदी होती.

रविंद्रभाऊंना हे हास्यास्पद वाटलं. निर्मलाबाईंना मात्र बरं वाटलं. जावयानेही नेम धरलाय म्हणायचा. शिवाय आदल्या रात्री जेवताना ऋषभराव सांगत होते, की तिकडे ज्या शहराचं चॅनेल असतं, त्या शहराच्या संघाने मारलेली ढुशी समालोचकांना दिसत नाही, समोरच्याची तेवढी दिसते. म्हणजे समुद्र ओलांडला तरी भिंत तीच, असं निर्मलाबाईंच्या मनात आलं.

दहा वाजता तलासरीकडच्या एका फेरीत रविंद्रभाऊंच्या चॅनेलने आघाडी वाढवली आणि पडद्यावर गुलाल उधळला. रविंद्रभाऊ उठले. आळीचं तोंड गोड करायचं त्यांनी प्रचारातच कबूल केलं होतं. डहाणू स्टेशनला फोन लावले, तर पेढे सगळ्याच पक्षांनी आधीच सांगून ठेवलेले. दुकानात उरली होती ती फरसाण. विजयाला फरसाण वाटणं बरं दिसत नाही. तेवढ्यात त्यांना देवघरातलं झाकलेलं ताट दिसलं.

निर्मलाबाई तेव्हा अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. नवरा ताट घेऊन ओटी उतरताना दिसला, तशी त्यांनी हात वर केला. भाऊंना वाटलं, आशीर्वाद देतेय. त्यांनी टाळी वाजवली. भाऊंना वाटलं, बायकोही खूश आहे. "अहो" हा शब्द ओठापर्यंत आला होता. निर्मलाबाईंनी तो गिळला. एकोणीस प्रदक्षिणा झाल्या होत्या, चौदा राहिल्या होत्या, आणि प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडत नाहीत.

चौदा पुऱ्या होईपर्यंत ताट रिकामं होऊन ओटीवर आलं होतं. घरटी एक याप्रमाणे आळीत अनारसे पोचले होते, स्वतःच्या माणसांना तसेच विरोधकांनाही, कारण जिरवायची असली की माणूस फार उदार होतो. एक तर त्यांनी नविनभाऊंच्या खिडकीच्या कट्ट्यावरही ठेवला होता.

निर्मलाबाईंनी डोळे मिटले, मुरलीधराचं नाव मनात घेतलं आणि ताट उचललं. वाडीत चिकू तोडणाऱ्या बुधीबाईला त्यांनी खूण केली. बुधीबाईला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. पुढे रिकामं ताट, मागे बुधीबाई, अशी फेरी निघाली. दारात उभं राहून बुधीबाई एवढंच सांगायची, "जावयाच्या वाणाचा हाये. खाल्ला असंल तर सांगा, नसंल तर द्या."

आणि नवल असं, की कोणीच खाल्ला नव्हता. विरोधकांनी खाल्ला नव्हता, कारण खाल्ला तर हरलो असं होईल. भाऊंच्या माणसांनी खाल्ला नव्हता, कारण शेवटच्या फेरीआधी तोंड गोड केलं तर दृष्ट लागते. जे कुठल्याच बाजूचे नव्हते ते दोन्ही चॅनेल आलटून पालटून बघत होते आणि अनारसा टीव्हीवर ठेवून वाट पाहत होते. कोणी तो प्रचाराच्या पत्रकात गुंडाळला होता, एकीने फ्रिजमध्ये ठेवला होता. बुधीबाईने स्वतःच्या पदराची गाठ सोडून आपलाही काढून दिला.

"माला काय," ती म्हणाली, "कोनी बी येवो, चिकू तर मालाच तोडायचेत."

परत आल्या तेव्हा नविनभाऊ ओटीवर उभे होते. निर्मलाबाईंनी ताट त्यांच्यापुढे धरलं.

"माझा मघाशीच परत ठेवला, वहिनी," नविनभाऊ घाईने म्हणाले. "दादाच्या पक्षाचं मी कशाला खातोय?"

बोलताना त्यांच्या मिशीत खसखशीचे तीन दाणे हलले.

निर्मलाबाई देवघरात बसून मोजू लागल्या. बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीस. तेवढ्यात आपला पराक्रम एव्हाना कळलेले, चेहरा पडलेले रविंद्रभाऊ मागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने मोजू लागले. परतीच्या वाटेवर एक अनारसा मोडला होता. त्याचे दोन तुकडे त्यांनी दोन धरले.

"एकतीस, बत्तीस, तेहेतीस. हे बघ, पुरे आहेत."

"तेहेतीसच," दारातून नविनभाऊ म्हणाले. "दादा बरोबर मोजतोय."

पंचवीस वर्षांत दोघा भावांचं कुठल्याही आकड्यावर एकमत झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. कविताने चकित होऊन आईकडे बघितलं. आई मौनात.

एवढ्यात ऋषभराव खोलीतून हसत बाहेर आले. त्यांचा संघ जिंकला होता. ताटात डोकावून ते म्हणाले, "बाबा, हा मोडलेला दोनदा मोजला का? आमच्याकडे शंका आली की पंच चित्रफीत परत बघतात. फेरमोजणी करू या."

"पंचांवर विश्वास ठेवावा माणसाने, ऋषभराव," नविनभाऊ म्हणाले. "उगाच संशय घेऊ नये. हल्ली हेच वाढलंय."

निर्मलाबाईंनी मुरलीधराकडे पाहिलं. तोही कधी बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं. अधिकात दिलेला घास पोचतो, मग तो जावयाच्या पोटात जावो की दिराच्या, असं त्यांनी त्याला मनातल्या मनात समजावलं. त्याचंही काही म्हणणं दिसलं नाही. त्यांनी दिवा लावला, वाण दिलं, नैवेद्य झाला.

पंगत बसली. दोन्ही टीव्ही बंद होते, कारण आकडे इतके जवळ आले होते, की दोघा भावांनाही आधी जेवून घ्यावंसं वाटलं. ऋषभरावांनी वाणातले अनारसे सगळ्यांना एकेक वाढायला सांगितले. कविता वाढत वाढत काकांच्या पानापाशी आली. नविनभाऊंनी हात पुढे केला, आणि निर्मलाबाई त्या दिवसातलं पहिलं वाक्य, नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या:

"भावजींना नको गं वाढू. त्यांचं मतदान सकाळीच झालंय."