तपकिरी पॉलिश

थोरल्या मुलाच्या हॉलमध्ये लाकडी जमीन बसली आणि अण्णांचं घरातलं चालणंफिरणं अवघड झालं. खुर्ची ओढायची नाही, ओले पाय टेकायचे नाहीत, काठी आपटायची नाही. सूनबाईंनी काठीच्या टोकाला जुना मोजा बांधून दिला. मोज्यामुळे काठी घसरू लागली, म्हणून अण्णा भिंत धरून चालू लागले. मग भिंतीवर बोटं उमटतात म्हणून ओरडा बसला.

"आणखी एक डाग पडला, तर अण्णांची सोय दुसरीकडे बघू या," असं सूनबाई थोरल्याला म्हणाल्या होत्या, तेही दार उघडं ठेवून. धाकट्याकडे जागेची अडचण बाराही महिने असायची. त्यामुळे दुसरीकडे म्हणजे वृद्धाश्रम, हे कळायला अण्णांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि नेमकी सर्दी झाली. दोघंही कामावर गेलेले. अण्णांनी वाफ घेतली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं विसरून खाली ठेवलं. उचललं तेव्हा लाकडावर पांढरं वर्तुळ उमटलं होतं.

टूथपेस्टने असा डाग जातो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डाग गेला, पण त्याच्याबरोबर लाकडाची चकाकीही गेली. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यावर माणसाला जे सुचतं ते अण्णांना सुचलं. त्यांनी बुटाच्या तपकिरी पॉलिशची डबी काढली. उभ्या नोकरीत साहेबांनी त्यांच्या कामाचं कौतुक केलं नव्हतं, बुटांचं मात्र केलं होतं. घासायला मऊ कापड हवं होतं. बायकोने विणलेल्या मफलरइतकं मऊ त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मनातल्या मनात तिची माफी मागून त्यांनी तो हातात घेतला.

फळी अशी चमकली की अण्णा हरखले, आणि लगेच घाबरलेही. आता तेवढी जागा सोडून बाकीची जमीनच खराब दिसत होती. म्हणून त्यांनी शेजारची फळी घेतली, मग तिच्या शेजारची. डबी संपली तशी थोरल्याची उघडली. गुडघे बोंबलत होते, पण मध्येच थांबायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी हॉल संपला. अण्णांनी पिशवीत दोन सदरे आणि गोळ्या भरल्या आणि ती मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

सूनबाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"कुणी केलं हे?"

"मीच. चूक झाली. मी जातो."

सूनबाई वाकल्या. जमिनीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो आवडलाही.

"जाताय कुठे? बसवली त्या दिवशीसुद्धा ही अशी दिसत नव्हती. आता दर आठवड्याला एक हात मारत जा. आणि तोच मफलर वापरा, चरे पडत नाहीत."

अण्णांचा मुक्काम पक्का झाला. पाहुणे येऊन जमिनीची तारीफ करत, तेव्हा अण्णा आतल्या खोलीत गुडघ्यांना मलम चोळत बसत. बातमी धाकट्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्याचा फोन आला. थोरल्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"दादा, अण्णांची फार आठवण येते रे. आता आमच्याकडे पाठव त्यांना. आमच्याही हॉलमध्ये लाकूड बसवलंय."

"अण्णा कुठेही जाणार नाहीत," थोरला ठणकावून म्हणाला. "हे त्यांचं घर आहे."

दोघांची जुंपली. आजवर ही पोरं अण्णांवरून भांडली होती ती त्यांना एकमेकांकडे ढकलण्यासाठी. आपल्याला ठेवून घ्यायला कुणी भांडतंय, हे अण्णा प्रथमच ऐकत होते. कशासाठी भांडतायत हे कळत असूनही त्यांना भरून आलं, डोळे वाहू लागले.

सूनबाई लगबगीने जवळ आल्या आणि त्यांनी अण्णांच्या हनुवटीखाली फडकं धरलं.

"अण्णा, सांभाळून. खाली पाणी पडतंय."