उन्हात बसलेलं जॅकेट

"आता त्याला पालथं घाल. पोटाकडून अजून गोरं आहे."

शेजारच्या गच्चीवरून हे ऐकू आलं तेव्हा मी आमच्या गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होते.

"लय झालं उलथंपालथं, चाचा," सखूमावशी म्हणाली. "आता लिंबू पिळून खाता का काय त्याला?"

मी कठड्यावरून हळूच पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीत एक चामड्याचं जॅकेट बसलं होतं. विमान चालवणारे घालतात तसलं, कमरेला विणलेली पट्टी आणि छातीवर जाड चेन. पोटात वर्तमानपत्रं कोंबलेली, बाह्या खुर्चीच्या हातांवर, पाठ रस्त्याकडे. शेजारी स्टुलावर गजराचं घड्याळ घेऊन तांबोळी चाचा बसले होते. दर अर्ध्या तासानं गजर व्हायचा, की जॅकेटनं कूस बदलायची.

तांबोळी चाचांचं लोणावळ्याच्या बाजारात बॅगा आणि चामड्याच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं. गुडघे गेले आणि दुकान बंद झालं. चाची गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा मस्कतला असतो. मळवलीहून सखूमावशी येऊन स्वयंपाक करून जाते. बाकी दिवसभर चाचा आणि ऊन.

उन्हाबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. साडेनऊ ते साडेअकराचं ऊन कामाचं. बारानंतरचं ऊन "उर्मट", ते चामडं तडकवतं. लोणावळ्याच्या उन्हात धुकं मिसळलेलं असतं, म्हणून आठवड्यातून एकदा ते जॅकेट स्कूटरवरून मळवलीला न्यायचे. नेताना अंगात घालून न्यायचे. एप्रिल महिन्यात.

"चाचा, हिमालयात चाललाय का?" नाक्यावरचा रिक्षावाला विचारायचा.

"घडी माणसाच्या कोपराची पडते, हँगरची नाही," असं म्हणून चाचा घाम पुसत पुढे जायचे.

मी एकदा इंटरनेटवर वाचून त्यांना सांगितलं होतं, की कोपरांवर काचपेपर घासला की जॅकेट दोन तासांत जुनं दिसतं. त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या बाईंसारखं पाहिलं.

"ते कॉपी करून पास होणं झालं, बेटा."

संध्याकाळी ते जॅकेटला तेलाचा हात द्यायचे, मग खिडकीशी नेऊन रंग बघायचे. विकत आणलं तेव्हा ते चॉकलेटी होतं. चाचांना हवा होता भिजवलेल्या खजुराचा रंग. "आला का?" असं कुणी विचारलं की एकच उत्तर. "बघू, ऊन काय म्हणतं."

एकदा कुरिअरवाला खालून हाका मारत होता. चाचा आत चहा करत होते. "काका, ओटीपी सांगा," तो खुर्चीतल्या पाठीला म्हणाला. दोनदा म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ऐकू येत नाही का त्यांना? आणि उन्हातून आत घ्या हो, वय झालेलं दिसतंय." चाचांना हे सांगितलं तर ते दिवसभर खूश होते. वय झालेलं दिसतंय, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्यांना नको होतं.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तेव्हा मला फारसं हसू येत नव्हतं. मी घरूनच काम करते. दिवसाला सहा मीटिंगा, आणि प्रत्येकीत मी "येस, शुअर" एवढंच म्हणते. मीटिंग संपली की गच्चीवर जायचे आणि ते जॅकेट दिसायचं. ते तिथे का बसलंय, हे मला माहीत होतं.

आमच्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं, पण अर्धं. तुंगार्लीच्या बंगल्यात हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. त्यांनी आपलं उडताना घालायचं जॅकेट चाचांकडे चेन बदलायला दिलं आणि तब्येतीमुळे अचानक मुलीकडे परदेशी निघून गेले. न्यायला आलेच नाहीत. चाचांनी ते जपलं. दुकान बंद करताना, लोकांनी न नेलेल्या सगळ्या वस्तू त्यांनी घरी आणल्या. एका पायाचा बूट, एक दप्तर, कॅमेऱ्याची पेटी, आणि हे जॅकेट. सगळ्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. "गिऱ्हाइकाची वस्तू अमानत असते," ते म्हणायचे. "यायचं तेव्हा येतील."

आणि यंदा जानेवारीत साहेबांचा फोन आला. पावसाच्या आत येतोय, जॅकेट तयार ठेव.

साहेबांचं जॅकेट मात्र आदल्या पावसाळ्यातच भाजून खराब झालं होतं. चाचांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की दमट हवेनं बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवला होता, तो विझवायला विसरलो. लोणावळ्यात पुष्कळ घरी कपाटात बल्ब असतो, त्यामुळे सगळ्यांना पटलं. आता तसलंच नवं विकत आणून ते उन्हात जुनं करणं चाललं होतं.

अर्धं एवढंच. उरलेलं अर्धं फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

गेल्या जुलैत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चाचा पुण्याला बहिणीकडे गेले. किल्ली माझ्याकडे दिली. "आठवड्यातून एकदा जॅकेट कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. बाकी काही नाही." दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस वीज नव्हती. अंधारात चाचपडत कपाटातून जॅकेट काढलं, तर त्यावर कापसासारखी बुरशी. मी ओल्या फडक्यानं ती पुसून काढली. आता वाळवायचं कसं? पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळतात कसे, हे मी लहानपणापासून बघत आलेय. शेगडीत निखारे, त्यावर उपडी बांबूची टोपली, टोपलीवर कपडे. शाळेचा युनिफॉर्म मी वर्षानुवर्षं असाच गरम गरम घातलाय. पाचच मिनिटं, म्हणून जॅकेट टोपलीवर टाकलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "येस, शुअर" म्हणत मी पाऊण तास बोलले.

परत आले तेव्हा एक बाही पापडासारखी वळली होती आणि पाठ भाजलेल्या वांग्यासारखी आकसली होती. मी ते पुन्हा हँगरला लावलं, कपाट बंद केलं, आणि घरी येऊन झोपले.

चाचा परत आले. दोन दिवसांनी बल्बची गोष्ट सुरू झाली. परत आल्यावर त्यांनी बल्ब लावला असेल आणि खरंच त्यांना तसं वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला सुटल्यासारखं वाटलं, एक आठवडाभर. मग नाही वाटलं. सांगायचं वाक्य मी आधी इंग्रजीत तयार करायचे, तिथे ते एखाद्या ईमेलसारखं वाटायचं. मराठीत आणलं की फार खरं वाटायचं, म्हणून आत ठेवून द्यायचे. असे दहा महिने गेले.

मे अर्धा सरला आणि ढग येऊ लागले. चाचा सकाळी उठल्याबरोबर आकाशाकडे बघायचे. डोळ्यांखाली काळं झालं होतं. सखूमावशी म्हणाली, "उनात जॅकेट कमी आन चाचाच जास्त वाळलं." पण रंग आला होता. भिजवलेला खजूर, अगदी तोच.

साहेब रविवारी आले. "तू ये," चाचा मला म्हणाले होते. "त्यांची मुलगी इंग्रजी बोलेल. तू असलीस की बरं."

साहेब खूप म्हातारे झाले होते. मुलीचा हात धरून पायऱ्या चढले. चाचांनी जॅकेट दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं, चिठ्ठीसकट. चिठ्ठी जुनीच होती, 'चेन बदलणे'. साहेबांनी ते घातलं, चेन वर ओढली, आरशात पाहिलं. "तांबोळी, अजून बसतं की रे मला." मुलीनं फोटो काढला.

मग त्यांचा हात सवयीनं आत गेला, छातीच्या डाव्या बाजूला. काहीतरी शोधून थांबला.

"इथे आईनं शिवलेला एक खिसा होता."

अस्तर बदललं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी मनात तेच म्हणत होते, म्हणा ना चाचा. चार महिने उन्हात बसलेला तो माणूस एकदम दमल्यासारखा भिंतीला टेकला.

"साहेब, हे तुमचं नाही. रंग उन्हानं दिला, आईचा खिसा कुठून आणू? तुमचं माझ्या हातून खराब झालं. कपाटात बल्ब लावून ठेवला होता. माझा हलगर्जीपणा."

"मग ते टाकलंस?"

"टाकतो कसा? बेटा, कपाटातून आण."

मी आतल्या खोलीत गेले. कपाटात बूट, दप्तर, कॅमेऱ्याची पेटी, सगळे आपापल्या चिठ्ठ्या घेऊन बसले होते. आकसलेलं जॅकेट काढताना मी वर पाहिलं. बल्बचा होल्डर होता, रिकामा. त्याची वायर केव्हाची तरी कापून टाकलेली, टोकाला चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर कपाटाचा जुना हिरवा रंग. कपाट रंगवलं तेव्हा मी शाळेत होते. ब्रश चाचांनी माझ्याच हातात दिला होता. म्हणजे तेव्हापासून या कपाटात बल्ब लागलाच नव्हता.

मी जॅकेट आणून साहेबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटांनी आतून चाचपलं. खिसा होता. कडक झालेला, पण होता. ते त्यावरून बोट फिरवत राहिले.

चाचा माझ्याकडे पाहत नव्हते. खिडकीबाहेर पाहत होते, ढगांकडे. "बल्बच, साहेब," ते पुन्हा म्हणाले. "म्हातारपणी विसरायला होतं."

साहेबांची मुलगी माझ्याकडे पाहून हसली, तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी साहेबांकडे वळले.

"बल्ब नव्हता," मी म्हणाले. "जॅकेट मी शेगडीवर वाळत घातलं होतं. आणि चाचांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."