अंग चोरणारा मका

एसटीत तात्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे दंड मोजून घ्यायची तयारी ठेवावी लागते. खिशातून कोनमापक निघतो, आपल्या काखेला लागतो. "सत्तर अंश," तात्या सांगतात. "जरा अंग चोरून बसा की, गुरुजी. पलीकडच्यानं कुठं जायचं?"

सारोळ्यात आमची घरं लागून. त्यांच्या घरामागे चार गुंठे मका. मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण कोन कुणाच्या उपयोगी पडलेला पहिल्यांदा तिथं पाहिला. तात्या रोज सकाळी मक्याच्या एकेका ताटापाशी उभं राहून खोड आणि पान यांमधला कोन मोजत. पसरट पानांच्या ताटाला दम भरत, "लई ऐसपैस हायेस. तुझं बी धरायचं न्हाई." पानं खोडाला बिलगून सरळ वर गेलेली असतील, त्याच ताटाचं कणीस बियाण्याला ठेवत. असे नऊ पेरे झाले होते.

त्यामागचं शास्त्र मी त्यांना समजावून सांगायचो. पानं उभी असली की मका दाट पेरता येतो, खालच्या पानांनाही ऊन मिळतं, उतारा वाढतो. तात्या ऐकून घेत.

"मग दुकानातलंच उभ्या पानांचं बी आणा की," एकदा मी म्हणालो.

"त्येचा दाणा हिला चावत न्हाई."

ही म्हणजे काकी.

मका तुऱ्यावर आला तेव्हा तात्यांनी तुऱ्यांना आणि कणसांना कागदी पिशव्या बांधल्या आणि काकींना डोळे दाखवायला तीन दिवस पुण्याला नेलं. जाताना म्हणाले, "गुरुजी, पिशव्यांवर नजर ठेवा." मला वाटलं, पोपटांची भीती असेल. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, पिशव्या चिंब. कणसं कुजतील म्हणून मी सगळ्या सोडल्या, दोरीवर वाळवल्या, इस्त्रीसुद्धा केली. तात्या आले तेव्हा तो गठ्ठा मी त्यांच्या हातात दिला आणि चहाची वाट बघत बसलो.

तात्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. शेजारच्या शेतात वैरणीचा पसरट मका फुलला होता. त्याचे पराग वाऱ्याने येऊन कणसांवर बसू नयेत, म्हणून त्या पिशव्या होत्या. मागचं राखलेलं बी भुंग्यांनी पोखरलेलं, त्यामुळे पेरायला हेच उरलं होतं.

पुढच्या पेऱ्याला सगळा मका शाळा सुटल्यासारखा हातपाय पसरून उभा.

"हरवलं न्हाई, गुरुजी," तात्याच माझी समजूत काढू लागले. "पसरटपण वरचढ झालं, उभेपण आत दडून बसलं. ह्येच बी पेरलं की चार ताटांत एखादं उभं निघंल. त्येवढंच निवडायचं, पुन्ना पेरायचं. दोन पेरं जातील."

"दोन पेऱ्यांनी काय बिघडतंय, तात्या?"

तात्यांनी कोनमापक खिशात टाकला आणि ते घराकडे वळले.

त्याच संध्याकाळी मी त्या दोघांना मक्यात पाहिलं. पुढे तात्या, दोन्ही हातांनी पानं बाजूला सारत. मागे काकी, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून. पुण्याच्या डॉक्टरांनी, काकींना आता दिसणार नाही, असं सांगितलं होतं. तात्यांचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले.

"तिला शेतात हिंडल्याबिगर करमत न्हाई," बाहेर आल्यावर तात्या हळूच म्हणाले. "ताटं चाचपत एकलीच जायाची. पान आडवं आलेलं कळत न्हाई, गालच कापतंय. माझ्यामागनं यायाचं तिला आवडत न्हाई. म्हनून म्हणलं, मक्यानंच अंग चोरावं."

पुढच्या पेऱ्याला चार ताटांत एखादं उभं निघालं. तात्यांनी काकींचा हात धरून प्रत्येक उभ्या ताटाला लावला. काकी म्हणाल्या, "ह्यो शहाणा हाय." त्या ताटांचं बी तात्यांनी पेरलं. ते उगवायच्या आत काकी गेल्या.

मका पुरुषभर वाढला. सगळा उभा, सरीत मोकळी वाट. तात्या बांधावरच थांबले.

"गुरुजी, डोळं मिटून एकदा सरीतनं जाऊन या. मला न्हाई जमायचं."

मी डोळे मिटले, ताटं चाचपत निघालो. वाटेत दोनदा पाय अडखळला, पण पान कुठंच लागलं नाही. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर गालावरून हात फिरवला. मग तिथंच उभा राहिलो, कारण परत जाऊन हे तात्यांना सांगायचं होतं.