हैबतरावांनी पिलांचा विडा उचलिला त्याची हकीकत

श्रीगजाननास साष्टांग नमस्कार, आणि त्यांचे वाहन मूषक यांची आगाऊ क्षमा मागोन मांजरांची हकीकत लिहितो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यात स्वस्थता होती, आणि कोठीवरील मांजरी तोफेच्या गाड्याखाली सापडोन मृत्यू पावली, आणि तिची डोळे न उघडलेली तीन पिले कणगीमागे रडत राहिली. हे वर्तमान महाराजांचे कानी जाताच दरबार भरविला, तबकात विडा ठेविला आणि बोलिले, "पिले जगवील त्याने उचलावा." मोठमोठे सरदार पागोट्याचे पदर चाचपू लागले. मग सरदार हैबतराव उठले. टोपली घरी न्यावी, वाटीभर दूध पुढे ठेवावे, इतकीच मोहीम, ऐसा त्यांचा अंदाज. विडा तोंडात घातला आणि वाकोन मुजरा करोन निघाले.

घरी नवे बाळ आले म्हणजे जे करितात ते सर्व केले. तेल चोळिले, न्हाऊ घातले, वेखंड लाविले, धुरी दिली, आणि मांडीवर उताणे घेवोन दूध पाजिले. ओली पिले गारठली आणि एक तेथेच मांडीवर गेले. हैबतराव लढाया मारलेले पुरुष, परंतु लहान मुलासारखे रडले. तेव्हा त्यांच्या कुटुंब लाडूबाईसाहेब म्हणाल्या, "अहो, मांजरी कधी पिलांना घंगाळात बुडवते का? ती चाटते, पोटाशी घेते. आधी ऊब द्या, रडायचं मागाहून बघू." मग उरलेली दोन कोरडी करोन अंगरख्यात छातीशी धरिली, आणि ऊब आल्यावर पालथी निजवोन शेळीचे दूध थेंब थेंब दिले. आणि आईने चाटल्यावाचून पिलास लघवीही होत नाही, हे कळले तेव्हा ऊन ओल्या कापडाने पुसण्याचे ते कामही सरदारांनी जातीने केले. दिवसा दूध, रात्री दूध, मध्ये कापड. तलवार खुंटीवर राहिली.

ऐशात परराज्याचा वकील आला आणि दरबारास बोलावणे जाहले. सर्वांनी मुजरे केले, हैबतराव तेवढे ताठ उभे राहिले. दरबार चपापला. महाराज रागे भरोन बोलिले, "हैबतराव, मान फार ताठ झाली!"

"मान नव्हे महाराज. अंगरख्यात धाकटं निजलंय, वाकलो तर दडपेल. शिक्षा जरूर द्यावी, पण हळू बोलावं."

महाराजांनी आवाज उतरविला. "जगेल का?"

"ठाऊक नाही महाराज."

मग त्यांस मुजरा माफ जाहला, आणि वकिलाचे सर्व बोलणे त्या दिवशी कुजबुजीत पार पडले.

दोन्ही पिले जगली, डोळे उघडले, सरदारांच्या मिशा ओढू लागली. फाल्गुनात धोबीघाटावर आणखी चार बेवारस पिले सापडली आणि पुन्हा विडा मांडिला. पुन्हा सर्वांचे हात पागोट्याकडे गेले. हैबतरावही बराच वेळ बसोन राहिले. मांडीवर गेलेले पिलू आठवोन त्यांचे डोळे भरले. मग उठले आणि विडा उचलिला, आणि ते वाकण्याआधी महाराजांनी सिंहासनावरोन उतरोन त्यांस मुजरा केला.

येणेप्रमाणे हकीकत. पहिला विडा अजाणता उचलिला, दुसरा जाणोन. त्या चारांतील एक लिहिणाराचे मांडीवर निजले आहे. ते उठू नये म्हणोन येथेच पुरे करितो.