समोर दिसेल त्याचं कौतुक

कर्नलसाहेबांना नुसती फीत कापायची होती. वसाहतीतलं फुलांचं प्रदर्शन, त्यात स्पर्धा, आणि स्पर्धेत बायकोचे डेलिया. पहिल्या नंबरासाठी ती तीन वर्षं झटत होती. नवऱ्यापेक्षा कुंड्यांशी जास्त बोलायची. पक्षपाताचा ठपका नको म्हणून निकाल लागेपर्यंत फुलांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं साहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं.

फीत कापली आणि एक वार्ताहर माइक घेऊन पुढे घुसला. "साहेब, सीमेवरच्या नव्या धोरणाबद्दल तुमचं मत काय?"

गणवेशात धोरणावर बोलणं म्हणजे नोकरीच्या मुळावर येणं. पण जनसंपर्क अधिकाऱ्याने शिकवून ठेवलं होतं, "अडचणीचा प्रश्न आला की समोर दिसेल त्याचं कौतुक करा. कुणाचं काही बिघडत नाही."

साहेबांनी समोर पाहिलं. "हे गुलाब फार सुंदर आहेत."

"म्हणजे धोरण चुकलंय?"

"गुलाब अप्रतिम आहेत."

"म्हणजे बरोबर आहे?"

"अहो, असे गुलाब मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत!"

धोरणाचा प्रश्न टळला. गुलाब मात्र शेजारीणबाईंचे होते. प्रमुख पाहुण्यांचा मान राखून परीक्षकांनी त्या गुलाबांनाच पहिला नंबर दिला. डेलिया दुसरे आले. मुख्यालयातून शाबासकीचा फोन आला तेव्हा हसावं की रडावं, हेच साहेबांना कळेना.

"उभ्या आयुष्यात नाही पाहिले ना?" घरी बायको म्हणाली. "मग चहाही तिकडेच प्या."

"अगं, ते मत नव्हतं. मत द्यायचं नव्हतं म्हणून बोललो."

"मत नसताना एवढं! असतं तर काय केलं असतंत?"

साहेब गोंधळले. खरं तर त्यांना डेलियाच आवडायचे. बायको गावाला गेली की तेच हौसेने पाणी घालायचे. पण आता तसं म्हटलं तर लोणी लावल्यासारखं दिसणार. दोन दिवस घरात चहाचं आधण चढलं नाही, आणि अख्खी पलटण सांभाळणाऱ्या माणसाला साखरेचा डबा सापडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी जनसंपर्क अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. "तुमच्या सल्ल्याने घर पेटलंय, आता तुम्हीच विझवा."

अधिकारी आला. साहेबांनी टेबलावरच्या थर्मासमधून त्याला चहा ओतून दिला. बायको समोर येऊन बसली.

"भावजी, खरं सांगा. गुलाब चांगले की डेलिया?"

अधिकारी पेचात सापडला. गुलाब म्हणावं तर वहिनी समोर; डेलिया म्हणावं तर वरिष्ठांचं जाहीर मत खोडल्यासारखं. त्याने वीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि चहाचा घोट घेतला.

"वहिनी, चहा मात्र फक्कड झालाय! असा चहा मी उभ्या आयुष्यात..."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तो थर्मास शेजारीणबाईंनी पाठवला होता, बक्षिसाबद्दल आभार म्हणून.

पाच मिनिटांनी दोघेही थर्माससकट बाहेरच्या पायरीवर होते. मागे दाराला कडी. तेवढ्यात तोच वार्ताहर रस्त्याने आला.

"काय साहेब, आज बाहेर? काही बोलणार का?"

साहेबांनी सवयीने समोर पाहिलं. समोर कुंपणापलीकडे शेजारीणबाईंचे गुलाब डोलत होते. मागची खिडकी हळूच किलकिली झाली.

"बाबा रे," साहेब घाईघाईने म्हणाले, "तू आपला धोरणाबद्दलच विचार."