सात अठराचं दूध

संध्याकाळी सात ते साडेसात आतल्या खोलीचं दार बंद राहील आणि त्या अर्ध्या तासात पार्सलताईला कोणी हाक मारणार नाही, हा ठराव घरात पास व्हायला अकरा वर्षं लागली. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते म्हणून तिला शेजारीपाजारी पार्सलताई म्हणत आणि लाडात आला की नवराही तेच म्हणे. अकरा वर्षांपूर्वी ती गात असे. मग लग्न, मुलगी, दोन बदल्या, आणि गाणं "जरा सवड झाली की" या खात्यात जमा झालं. सवड काही झाली नाही. पण पार्सलांवर शिक्के मारताना तिचा हात अजून तालात पडे. कधी बसमध्ये उभ्या उभ्या एखादी ओळ गळ्यापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. अशा दिवशी तिला आपला स्टॉप आलेलाही कळत नसे.

शेवटी तिने भीत भीत गाण्याच्या बाईंना फोन केला. बाई पहिल्यापासून तोडून बोलणाऱ्या.

"रोज अर्धा तास मेहनत कर. दोन महिन्यांनी ऐकते. गळा जागेवर आला असेल तर पुन्हा शिकवीन. नसेल तर दोघींचाही वेळ फुकट घालवायला नको."

म्हणून तो ठराव.

"म्हणजे आईला काहीच विचारायचं नाही?" दहा वर्षांच्या मुलीने शंका काढली.

"गाण्याचा आवाज येतोय तोवर नाही," बाबा म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून प्रत्येक गोष्टीला एक अट जोडायची त्यांना सवय लागली होती.

"आणि आवाज थांबला तर?"

"तर वाजव दार."

पुढचं सगळं रामायण या अटीपायी घडलं.

पहिले तीन दिवस पार्सलताई मन लावून गायली. तिसऱ्या दिवशी आपल्या चुका कळाव्यात म्हणून तिने पूर्ण अर्धा तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला. चौथ्या दिवशी खिडकीवर एवढी गर्दी होती की दुपारचा डबा तिने चार वाजता उघडला. घरी येऊन ती गायला बसली, भिंतीला पाठ टेकली आणि एकच मिनिट म्हणून डोळे मिटले. दारावर थापा पडल्या तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आई, आवाज थांबलाय. माझी कंपास कुठंय?"

कंपासच्या मागोमाग नवऱ्याच्या शर्टाचं बटण आलं, आणि तो अर्धा तास त्यातच गेला.

पाचव्या दिवशी तिने दार लावलं आणि आधी पलंगाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. पाय ठणकत होते. आजच्या दिवस, असं तिने स्वतःला बजावलं, परवाचं गाणं मोठ्या आवाजात लावलं आणि आडवी झाली. बाहेर सगळ्यांना गाणं ऐकू येत होतं, त्यामुळे दार कोणी वाजवलं नाही. इतकी गाढ झोप तिला मुलगी झाल्यापासून लागली नव्हती.

आजच्या दिवस करता करता तीन आठवडे झाले. रोज बसमधून उतरताना आज गायचंच असा निश्चय असायचा. जिना चढेपर्यंत तो टिकायचा, आणि पलंग दिसला की ढेपाळायचा. स्वप्नात मात्र ती रोज गायची, आणि काय गायची. साडेसातला जाग आली की आपण गायलोच नाही हे आठवायचं आणि जीव इवलासा व्हायचा. एकदा ती उशीत तोंड खुपसून रडलीसुद्धा, तेही आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने.

त्या रेकॉर्डिंगमध्ये बरोबर अठराव्या मिनिटाला ताई गाता गाता थांबून म्हणाली होती, "अहो, दूध ठेवलंय, बघा जरा." हे ती साफ विसरली होती. आणि रोज त्या वेळी ती घोरत असल्यामुळे आठवण्याचा प्रश्नही नव्हता.

रेकॉर्डिंग लावल्याच्या पहिल्या दिवशी ही हाक आली तेव्हा नवरा उठून स्वयंपाकघरात गेला, तर गॅस बंद.

"मी केला बंद," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंची तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून गेली होती. त्या ऐकायच्या सगळं, बोलायच्या कमी.

दुसऱ्या दिवसापासून मात्र नवऱ्याची धावपळ व्हायला लागली. सात अठराला हाक आणि गॅसवर दूध अगदी वर येत असलेलं.

"कमाल आहे हिची," तो म्हणायचा. "तोंडाने ताना आणि लक्ष दुधावर."

"हं," सासूबाई म्हणायच्या.

ही कमाल नवऱ्याच्या पोटात राहिली असती तर बरं झालं असतं. पण एके दिवशी गाण्याच्या बाईच नवा चष्मा करायला त्याच्या दुकानात आल्या.

"रोज अर्धा तास, एक दिवस खाडा नाही," त्याने सांगून टाकलं.

"मग उद्याच येते. तिला सांगू मात्र नका. मी आलेय कळलं की तिचा गळा घाबरतो."

शनिवारी सात वाजून पाच मिनिटांनी बाई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. आत गाणं चाललं होतं. बाईंनी डोळे मिटले. चेहरा हळूहळू खुलत गेला, मग कपाळाला एक आठी पडली.

"वरचा सा किंचित खाली राहतोय."

"तो रोजच राहतो," मुलगी म्हणाली. "आता खोकेल."

आत ताई खोकली.

"तुला गं कसं कळलं?"

"रोज इथेच खोकते."

"शिस्त आहे," नवरा अभिमानाने म्हणाला. सासूबाई मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या.

तेवढ्यात आतलं गाणं तानेच्या मध्येच तुटलं आणि फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलेना. मुलगी अट पाळून दार वाजवायला धावली. आतून उत्तर नाही. नवऱ्याने दार ढकललं आणि मागोमाग सगळेच आत शिरले.

पार्सलताई पलंगावर आडवी होती. तोंड मिटलेलं, छातीवर मोबाइल. फोन वाजायचा थांबला, आणि तुटलेली तान जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू झाली. ताई एका कुशीवर वळली, आणि तान मात्र चढतच गेली.

सासूबाईंनी पुढे होऊन मोबाइल बंद केला. त्या शांततेनेच ताईला जाग आली. समोर बाई उभ्या होत्या.

"बाई, मी फसवलं नाही," ती उठून बसत म्हणाली. "म्हणजे फसवलंच. पण मला गायचं असतं हो. दिवसभर डोक्यात तेच असतं. संध्याकाळी दार लावते आणि अंगात काही शिल्लकच राहत नाही." डोळ्यांतलं पाणी तिने पदराने पुसलं. "आता नाही शिकवणार ना?"

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "तो वरचा सा लाव."

"आत्ता?"

"मग केव्हा?"

ताईने घसा साफ केला. झोपेने आवाज जरा जड होता. ती खालून सावकाश चढत गेली, एकेका सुरावर थांबत, आणि वरच्या सा वर पोचली तेव्हा तो कुठेही कमी पडला नाही. तो लागलाय हे तिचं तिलाच आधी कळलं. मग ती थांबलीच नाही. अकरा वर्षं गळ्यापर्यंत येऊन परत गेलेली ती ओळ तिने पूर्ण म्हटली, पुन्हा म्हटली, आणि दारात उभा असलेला नवरा ऐकत राहिला.

"रोज असा लागत नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"पोरीचा गळा थकलेला नव्हताच," बाई म्हणाल्या. "माणूस थकलं होतं. उद्या सकाळी ये. झोप काढून ये."

ताईला हसू येतंय तोच तिने नाक वर केलं. "काहीतरी जळतंय."

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं.

"दूध कोणी ठेवलं?" तिने विचारलं.

"कोणी म्हणजे? तूच," नवरा म्हणाला. "रोज तूच ठेवतेस आणि सात अठराला हाक मारतेस. आज मारलीच नाहीस."

"मी? मी तर झोपलेली असते."

दोघांनी हळूहळू सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई फडकं ओलं करत होत्या.

"जिवंत आवाज कोणता आणि यंत्रातला कोणता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "पण रोज हाक येतेय आणि गॅसवर काहीच नाही, हे दोन दिवसांत याच्याही लक्षात आलं असतं. मग झोपू दिलं असतं का तुला कोणी?"

पार्सलताईने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारपासून दूध ठेवायचं की नाही, तेवढं सांग."

ताईने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग सोमवारची खिडकी आठवली, तिथली रांग आठवली.

"एक दिवसाआड ठेवा," ती म्हणाली.